आधी विचारा, मग टाका

(सँडीफोर्ड येथे झालेल्या आपल्या बैठकीतील भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलण्याच्या ओघात राहिलेले काही तपशील लिहिताना भरले आहेत.)



या विषयावर बोलायला मला का बोलावले, हा प्रश्न तुमच्याप्रमाणे मलाही पडला होता. या सभागृहातले निम्म्याहून अधिक लोक संगणकक्षेत्रातले आहेत. इथून जवळच, लेपर्डस्टाउनला, मायक्रोसॉफ्टचे मोठे संकुल आहे. गूगल, मेटा, टिकटॉक यांची मोठी कार्यालये याच शहरात आहेत आणि तुमच्यापैकी काहीजण तिथे रोज जाता. मी मात्र प्रयोगशाळेतली बाई. रुग्णांच्या रक्ताचे नमुने आणि त्या नमुन्यांबरोबर येणारी माहिती, हे माझ्या संशोधनाचे क्षेत्र.

पण गेली तीन वर्षे रविवारच्या मराठी वर्गात तेरा ते सतरा वयाच्या मुलांचा एक तास मी घेते. मराठी शिकवायला माझ्यापेक्षा चांगल्या बायका तिथे आहेत, म्हणून माझ्या वाट्याला 'इतर विषय' आले. त्यातलाच एक म्हणजे समाजमाध्यमांवर स्वतःला जपायचे कसे. आज त्या तासांत मी मुलांना काय शिकवले ते थोडे सांगणार आहे, आणि मुलांनी मला काय शिकवले ते जास्त.

पहिला तास साफ फसला. मी तीसेक चित्रफलक करून नेले होते. अनोळखी माणसाशी बोलू नका, पासवर्ड सांगू नका, एकदा टाकलेले कधीच पुसले जात नाही, नोकरी देणारे सगळे तपासतात, वगैरे वगैरे. प्रत्येक फलकावर एक भीती. मुले शांत बसली होती. आपल्या मुलांना कंटाळा आला की ती फार सभ्यपणे शांत बसतात. शेवटी 'काही प्रश्न?' म्हटल्यावर एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "मावशी, हेच तुम्ही आमच्या आईला पण सांगाल का? ती माझे फोटो टाकते."

सगळे हसले. मीही हसले. मग मी विचारले, आणखी कोणाकोणाचे फोटो घरचे लोक न विचारता टाकतात? जवळजवळ सगळे हात वर गेले.

त्या रात्री जेवताना हा किस्सा मी घरी मोठ्या चवीने सांगितला. माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू पण टाकतेस." मग तिने एकेक करून आठवण करून दिली. पहिल्या आंघोळीचा फोटो. दात पडल्यावरचा फोटो. सहावीत असताना रडत रडत भाषण केले त्याची चित्रफीत, जी मी कौतुकाने माहेरच्या ग्रुपवर पाठवली होती. तिथून ती मामेबहिणीने पुढे पाठवली, आणि पुढच्या सुट्टीत साताऱ्याला गेल्यावर एका ओळखही नसलेल्या काकूंनी तिला विचारले, "अगं, तीच ना तू, रडणारी?"

मला ते माहीतच नव्हते. तिने तीन वर्षे सांगितले नव्हते.

मंडळी, माझ्या प्रयोगशाळेत कोणाच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत कागद लिहावा लागतो: नमुन्याचे काय करणार, कोण बघणार, किती वर्षे ठेवणार. शिवाय 'माझा विचार बदलला' असे म्हणून कधीही बाहेर पडण्याचा हक्क त्याला असतो, आणि का बाहेर पडतो ते सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते. हे मी वीस वर्षे काटेकोरपणे पाळत आले. अनोळखी माणसाच्या रक्ताच्या थेंबाला मी जो मान दिला, तो स्वतःच्या मुलीच्या चेहऱ्याला दिला नव्हता.

म्हणून दुसऱ्या तासाला मी ते सगळे फलक घरी ठेवले आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला: संमती.

एका फोटोत काय काय असते

मुलांना उपदेश आवडत नाही, पण कोडी आवडतात. मी स्वतःच्या घरातली, लेकीच्या परवानगीने, पाच साधी छायाचित्रे निवडली आणि मुलांना सांगितले की या अनोळखी मुलीबद्दल दहा मिनिटांत जे कळेल ते शोधा. सात मिनिटांत त्यांनी काम संपवले. स्वेटरवरच्या बोधचिन्हावरून शाळा कळली. मागे दिसणाऱ्या लुआसच्या थांब्यावरून रोजची वाट कळली. फुग्यावरचा १४ हा आकडा आणि फोटोची तारीख जोडली की पूर्ण जन्मतारीख तयार. आणि नव्या बुटांच्या खोक्याचा फोटो होता, त्याच्या कोपऱ्यात पत्त्याची चिठ्ठी अर्धवट दिसत होती. त्यावर एअरकोड होता.

आपल्याकडचा पिनकोड अख्ख्या गावाचा किंवा पेठेचा असतो. २०१५ साली इथे सुरू झालेला एअरकोड एकेका घराचा असतो. सात अक्षरे हाती लागली की नकाशा थेट दारात आणून उभे करतो. मुलांना हे माहीत होते, पण 'बघा, लावा' असे कोणी म्हटले नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन किती जणांनी आपले जुने फोटो काढून टाकले ते मी विचारले नाही. ती त्यांची खाजगी बाब.

यामागचे शास्त्र जुने आहे. लॅटानिया स्वीनी या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात दाखवले की नाव काढून टाकलेली माहितीही निनावी राहत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी, नावे पुसून, संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. स्वीनी यांनी वीस डॉलर देऊन मतदारयादी विकत घेतली, दोन्ही जोडल्या आणि त्यातून खुद्द राज्यपालांच्या नोंदी शोधून काढल्या. १९९० च्या जनगणनेच्या आधारे त्यांनी मांडलेला अंदाज असा, की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येतात. आम्ही संशोधक तेव्हापासून शहाणे झालो. मुलांना मी एवढेच सांगते: एकेक तुकडा निरुपद्रवी असतो, धोका जोडण्यात असतो. आणि तुकडे केवळ तुम्हीच टाकत नाही. तुमचे मित्र टाकतात, क्लब टाकतो, आई टाकते.

दोष फक्त मुलांचा नाही

आपण सगळी जबाबदारी मुलांच्या डोक्यावर टाकतो. 'काळजी घे', 'जपून राहा'. जणू समोरची यंत्रणा पावसासारखी नैसर्गिक आहे आणि छत्री नेली की झाले. ती यंत्रणा माणसांनी बनवली आहे आणि त्यातली काही माणसे या खोलीत बसली आहेत, हे मी प्रेमानेच म्हणते.

या कंपन्यांची युरोपातली ठाणी इथे असल्याने युरोपभरच्या लोकांसाठी त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे मुख्य काम आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाकडे येते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने इन्स्टाग्रामला ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. कारण काय? १३ ते १७ वयाची मुले 'व्यावसायिक खाते' उघडत होती आणि त्यामुळे त्यांचे फोन क्रमांक आणि इ-मेल जगाला दिसत होते. शिवाय मुलांची खाती आपोआप सर्वांसाठी खुली ठेवलेली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये टिकटॉकला ३४ कोटी ५० लाख युरो, तिथेही मुख्य मुद्दा तोच: मुलांचे खाते उघडले की ते आपोआप जाहीर. बंद करायचे तर मुलाने स्वतः शोधून बंद करायचे.

हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांचे चेहरे बदलतात. 'तू चुकलास' असे ऐकायची त्यांना सवय असते. 'तुला चुकायला सोपे जाईल अशीच रचना केली होती' हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मग मी त्यांना एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. मॅक्स श्रेम्स हा व्हिएन्नाचा कायद्याचा विद्यार्थी. २०११ साली त्याने फेसबुकला पत्र लिहून 'माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते द्या' अशी मागणी केली. उत्तरादाखल बाराशेहून अधिक पानांचा मजकूर आला. त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेले संदेशही होते. त्याने आयर्लंडच्या आयुक्तांकडे तक्रारी केल्या. आयुक्तांचे कार्यालय तेव्हा पोर्टारलिंग्टन या लहानशा गावात होते. २०१५ साली आणि पुन्हा २०२० साली, त्याच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या खटल्यांत, युरोपियन न्यायालयाने युरोपातली माहिती अमेरिकेला पाठवण्याचे करार रद्द केले. सुरुवात कुठून झाली? एका विद्यार्थ्याच्या एका पत्रापासून.

हा हक्क आज आपल्या मुलांनाही आहे. मी त्यांना गृहपाठ देते: तुम्ही वापरता त्या एका कंपनीकडून तुमची माहिती मागवा. सर्वसाधारणपणे एका महिन्यात ती द्यावी लागते, बहुतेक ठिकाणी एका कळीवर मिळते. एका मुलाने आणलेली 'आवडींची' यादी आम्ही वर्गात वाचली. त्याला घोडेस्वारी आणि गृहकर्ज यांत रस आहे असे यंत्राचे मत होते. वर्ग हसला. पण त्याच यादीत 'वजन कमी करणे' हेही होते, आणि तो हसायचा थांबला.

लाज हाच खरा सापळा

आता जे सांगणार आहे ते मी त्या मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने, तपशील बदलून सांगते आहे.

एका तासानंतर एक मुलगा रेंगाळत राहिला. खुर्च्या लावायला मदत केली, फळा पुसला, पण जाईना. शेवटी म्हणाला, "मावशी, समजा एखाद्याने फोटो पाठवला असेल तर?" एका 'मुली'शी ओळख झाली होती. तिने आपला म्हणून एक फोटो पाठवला, त्याचा मागितला. त्याने पाठवल्यानंतर दहाच मिनिटांत भाषा बदलली. पैसे दे, नाहीतर हा फोटो तुझ्या यादीतल्या सगळ्यांना जाईल. सोबत त्याच्या मित्रांची, शाळेची, आत्याची नावे. त्याने साठवलेले पैसे गिफ्ट कार्डांच्या रूपात पाठवले. मग आणखी मागणी. हा प्रकार दोन आठवडे चालला होता. मुलगा जेवत नव्हता आणि घरचे समजत होते की परीक्षेचा ताण आहे.

मी विचारले, घरी का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "फोन काढून घेतील. आणि आजीला कळेल."

या दोन वाक्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. धमकी देणारा हजारो मैलांवर बसलेला असतो. त्याच्या हातात खरे तर फारसे काही नसते. त्याचे सगळे बळ मुलाच्या लाजेत असते, आणि ती लाज आपण शिकवलेली असते. 'लोक काय म्हणतील' हे तीन शब्द त्या गुन्हेगाराचे भांडवल आहेत. तो फक्त त्यावर व्याज वसूल करतो.

काय करायचे ते साधे आहे. पैसे द्यायचे नाहीत, दिले असतील तर पुढे द्यायचे नाहीत. संभाषण पुसायचे नाही, त्याची चित्रे काढून ठेवायची. त्या खात्याशी बोलणे थांबवायचे. गार्डांकडे जायचे. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची एक विनामूल्य सेवा २०२३ पासून चालते. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा तसा. आयर्लंडमध्ये २०२० साली झालेला, 'कोकोज लॉ' म्हणून ओळखला जाणारा कायदा आहे. ऑनलाइन छळानंतर जीव गमावलेल्या एका तरुणीच्या आईने त्यासाठी लढा दिला. कोणाचेही खाजगी चित्र संमतीशिवाय पसरवणे किंवा पसरवण्याची धमकी देणे हा त्याखाली गुन्हा आहे. अल्पवयीन मुलांच्या चित्रांबाबतचा कायदा याहून कडक आहे. आणि कोणाशी बोलावेसे वाटले तर इथे चाइल्डलाइन आहे, १८०० ६६ ६६ ६६. भारतात मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे आकडे फ्रीजवर लावा. मुलांना देऊन विसरू नका.

त्या मुलाच्या घरी आम्ही दोघे मिळून गेलो. त्याने सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जेवलास का?" त्या दिवशी तो जेवला.

सगळीकडे असे होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मला इथे र. धों. कर्व्यांची आठवण येते. त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले. घरात, डॉक्टरकडे, गुरुजींकडे जे विचारता येत नाही ते लोक त्यांना विचारत आणि कर्वे लाजवल्याशिवाय उत्तर देत. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. न लाजता विचारता येईल अशी एक जागा असावी, एवढ्यासाठी या माणसांनी किंमत मोजली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांत तशी जागा आहे का?

आणखी एक. 'फोटो पाठवू नकोस' हे आपण मुलींना दहादा सांगतो. 'फोटो मागू नकोस, आलेला पुढे पाठवू नकोस' हे मुलग्यांना किती वेळा सांगतो? मुलींना जपायला शिकवतो, मुलग्यांना विचारायला शिकवत नाही. अर्धाच धडा शिकवला तर निकाल अर्धाच लागणार.

दुसऱ्याचा चेहरा

जपणूक फक्त स्वतःची नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती, एवढेच कारण. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

तेव्हा आपण इथे बसून हळहळलो. अशिक्षितपणा, मागासलेपण, असे बरेच बोललो. मग १९ जुलै २०२५ रोजी इथल्या टॅलामध्ये, एम-५० ने थोड्याच अंतरावर, नुकत्याच आयर्लंडला आलेल्या एका भारतीय माणसाला टोळक्याने मारले, त्याचे कपडे काढले. पाठोपाठ समाजमाध्यमांवर अफवा: हा लहान मुलांशी वाईट वागत होता. त्यात तथ्य नव्हते. १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने आपल्या लोकांना सावधगिरीची सूचना दिली. राईनपाडा आणि टॅला, दोन्हीकडे गोष्ट एकच: परका माणूस, मुलांच्या सुरक्षिततेचे नाव आणि न तपासता पुढे ढकलणारा अंगठा.

त्या आठवड्यात आपल्याच ग्रुपांवर त्या माणसाचा रक्ताने माखलेला फोटो किती वेळा आला ते आठवा. संताप खरा होता. पण त्याला कोणी विचारले होते का? माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झाले, कारण मीही तो फोटो दोन ठिकाणी पाठवला होता.

याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी लागते. मे २०२५ मध्ये पुण्यात एका एकोणीस वर्षांच्या, मूळच्या काश्मीरच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाबद्दलचा दुसऱ्या कोणाचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे टाकला. दोन तासांत काढला, माफीही मागितली. तरी अटक झाली आणि तिचे म्हणणे न ऐकताच महाविद्यालयाने तिला काढून टाकले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू दिले. सरकारला आणि महाविद्यालयाला खडे बोलही सुनावले. यातून मुलांना काय शिकवायचे? 'गप्प बसा' हा सोपा धडा. मी तो शिकवत नाही. मी म्हणते, टाकण्यापूर्वी थांबा, कारण काढलेले राहते. आणि तुमचे हक्क जाणून घ्या, कारण चूक करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हक्क असतात.

पाठीला बांधलेला डबा

आता तुमच्यापैकी काही म्हणतील, हे सगळे ठीक, पण आम्ही मुलांचे फोन तपासायचे की नाही? काहींनी मुलांच्या फोनवर नजर ठेवणारी अॅप बसवली आहेत, हे मला ठाऊक आहे.

आमच्या गावी मुलांना विहिरीत पोहायला शिकवत. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काठावर काका उभा. पहिले काही दिवस कमरेला दोरही. मग दोर सुटतो, मग डबा सुटतो. दहा वर्षांच्या मुलाच्या फोनवर तुमचे लक्ष हवेच, आणि ते त्याला सांगून हवे. पण सोळा वर्षांच्या मुलीला न सांगता तिचे संदेश वाचणे याला पोहायला शिकवणे म्हणत नाहीत. तिला कळते, आणि ती दुसरे खाते उघडते. मग तुमच्या हातात रिकामा दोर राहतो.

बंदीबद्दलही तेच. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवू देणे थांबवले. आपल्या शेजारच्या विकलो परगण्यात, ग्रेस्टोन्समधल्या प्राथमिक शाळांच्या पालकांनी २०२३ साली एकत्र येऊन ठरवले की माध्यमिक शाळेपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. मला तो उपक्रम आवडला, कारण 'सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही' ही तक्रारच त्यात उरत नाही. विहिरीला कठडा हवाच. पण कठडा बांधला म्हणून पोहायला शिकवायचे कोणी सोडत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना मुलांचा खाजगीपणा हे 'इथले खूळ' वाटते. आपण चाळीत, वाड्यात वाढलो. आलेले पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचायचा, मग शेजारी, मग आपण. फोन शेजाऱ्यांकडे, बोलणे सगळ्यांच्या देखत. बंद दार म्हणजे काहीतरी लपवणे. त्यांच्यासाठी एक गोष्ट. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारने डांबलेल्या माणसाला न्यायालयात दादही मागता येणार नाही. त्या निकालाच्या बाजूने मत देणाऱ्यांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले. त्यातले मुख्य निकालपत्र लिहिले धनंजय चंद्रचूड यांनी, आणि त्यात १९७६ चा तो निकाल सदोष ठरवून रद्द केला. खाजगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे हा युक्तिवादही तिथे टिकला नाही. एका मराठी घरातल्या मुलाने वडिलांचा निकाल फिरवला. घरातली पुढची पिढी आपल्यापेक्षा बरे काही सांगत असेल, तर ते ऐकायला हरकत नसावी.

शेवटी, आमच्या घरी आम्ही कागदावर लिहून फ्रीजवर लावलेले पाच नियम सांगते.

१. ज्याचा फोटो, त्याला आधी विचारायचे. आजीलाही.
२. 'काढ' म्हटले की काढायचा. कारण विचारायचे नाही.
३. अडचणीत सापडलास आणि सांगितलेस, तर फोन काढून घेतला जाणार नाही. हे आईबाबांचे वचन, सहीनिशी.
४. संताप आला की पुढे पाठवण्यापूर्वी जेवून घ्यायचे.
५. दर सुट्टीत सगळ्यांनी एकत्र बसून आपापल्या खात्यांची कुलपे तपासायची. आईबाबांची आधी.

त्या पहिल्या रात्रीनंतर आम्ही दोघी एका शनिवारी बसलो आणि माझ्या खात्यावरचे तिचे २१४ फोटो एकेक करून पाहिले. तिने सगळे काढायला सांगितले नाही. साठेक राहू दिले. पहिल्या आंघोळीचा गेला. दात पडल्याचा राहिला. ती म्हणाली, "हा छान आहे, असू दे." ती रडण्याची चित्रफीत मात्र मला परत आणता आली नाही. ती कुठे कुठे आहे ते मला माहीत नाही.

हे भाषण मी तिला आधी वाचायला दिले होते. तिने दोन परिच्छेद खोडले. त्यात काय होते ते तुम्हाला कळणार नाही.